तोंडी परीक्षा

लेखी परीक्षेचा परीक्षक दूर कोठेतरी असतो, आणि दूरच्या माणसापासून अज्ञान लपविणे फारसे अवघड नसते. येत असलेल्या प्रश्नाची चार पाने भरावीत, येत नसलेल्या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये, पुरवणीचा दोरा घट्ट बांधून उत्तरपत्रिका परत करावी, पुढचे दैवाधीन. तोंडी परीक्षेत ही सोय नाही. तेथे परीक्षक मेजापलीकडे हातभर अंतरावर बसलेला असतो, आणि उत्तराहूनही उत्तरापूर्वीची स्तब्धता त्याला अधिक काही सांगून जाते. शिवाय त्याच्याजवळ एक असे शस्त्र असते, जे कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेत सापडणार नाही. ते म्हणजे ‘का?’ हा एकाक्षरी प्रश्न.

2025 सालच्या जूनपासून सुमारे चार महिने आमच्या बोम्मसंद्र्यातील बिऱ्हाडी रात्रीची जेवणे झाल्यावर अशी एक तोंडी परीक्षा नित्य होत असे. परीक्षक आम्ही, परीक्षार्थी आमची भाची, आणि विषय विमान चालविण्याचा. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत लिपिक आहोत. विमानात आजवर दोनदाच बसलो, तेही रजा-प्रवास सवलतीच्या कृपेने आणि खिडकीपासून तिसऱ्या जागेवर. तेव्हा या विषयातील आमचा अधिकार काय, हे वाचकांनी विचारू नये. त्या अधिकाराच्या अभावाचाच पुढे उपयोग झाला.

बोम्मसंद्रा हे बंगळूरच्या आग्नेयेस, होसूरच्या रस्त्यावर, आनेकल तालुक्यात आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने; आता तेथे कारखान्यांची वसाहत आहे, हृदयरोगाचे मोठे रुग्णालय आहे, आणि तिन्ही पाळ्यांना येणारी-जाणारी माणसे आहेत. 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले, आणि राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून निघालेला हा 16 स्थानकांचा, सुमारे 19 किलोमीटरांचा मार्ग आमच्या गावी येऊन संपला. या मार्गावरच्या गाड्या चालकावाचून धावू शकतील अशा बनावटीच्या आहेत. ज्या गावी चालक नको असलेली गाडी येऊन थांबते, त्याच गावी एक मुलगी चालक होण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागते, याची आमच्या सौ.ला मोठी मौज वाटे.

भाची म्हणजे ताईची धाकटी. सांगलीकडे शाळा, पुढे अभियांत्रिकीची पदवी, आणि दोन वर्षांपासून वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी. राहणे आमच्याकडे. एके दिवशी तिने जाहीर केले की, आपण साठविलेल्या पैशातून विमान चालविण्यास शिकणार. विमान कंपनीत नोकरी करण्यासाठी नव्हे, नुसते शिकण्यासाठी. या परवान्यास खाजगी वैमानिकाचा परवाना म्हणतात. त्यावर मोबदला घेऊन विमान चालविता येत नाही. म्हणजे हा असा परवाना की, तो मिळाल्याने उत्पन्न वाढत नाही, खर्च मात्र वाढतो.

ताईचा त्याच रात्री फोन आला. “पगार मिळणार असता तर एक वेळ समजले असते रे. हिला उलट पैसे भरून उडायचंय! तू तिथं आहेस ना? जरा समजाव तिला.”

आम्ही होकार दिला. परंतु सरकारी नोकरीत पंधरा वर्षे काढलेला मनुष्य कोणत्याही प्रस्तावावर प्रतिकूल टिपणी लिहावयाची झाली तरी आधी कागद वाचतो. कागद वाचता यावेत म्हणून आम्ही भाचीला म्हटले, “आधी तुझा अभ्यास काय आहे ते आम्हांला कळू दे.” येथून प्रकरण वाढत गेले.

या मार्गावरची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ वैमानिकाचा परवाना. त्याला वयाची सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि विमानचालनाचे नियम, मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, आणि विमान व इंजिन अशा चार विषयांची तोंडी परीक्षा उड्डाणशाळेतच द्यावी लागते. ती झाल्यावाचून कोणालाही एकट्याने विमान आकाशात नेता येत नाही. पुढे खाजगी परवान्यासाठी वय सतरा, किमान 40 तासांचे उड्डाण, त्यांपैकी 20 तास एकट्याने. शिवाय महासंचालनालयाची लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी. त्या वेळीही परीक्षक आधी समोर बसवून विचारतोच. भाचीची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. शनिवारी पहाटे ती निघे आणि रात्री चेहरा उन्हाने रापवून परत येई. उरलेले दिवस पुस्तकांचे.

पहिल्या रात्री आम्ही तिच्या वहीतला पहिलाच प्रश्न वाचला. “स्टॉल म्हणजे काय?”

तिने डोळे मिटले आणि एका दमात इंग्रजी व्याख्या म्हणून टाकली. शाळेत परवचा म्हणावी तशी. स्वल्पविरामही जागच्या जागी होते.

“म्हणजे इंजिन बंद पडते?” आम्ही विचारले. मोटारीबाबत हा शब्द आम्ही त्याच अर्थाने ऐकला होता.

“नाही मामा, इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतो.”

“मग बंद काय पडते?”

ती थांबली. व्याख्या पुन्हा म्हणाली. आम्ही पुन्हा तेच विचारले. मग ती उठली, आमच्या पिशवीतून एक सरकारी फाइल काढली, आतील कागद बाजूस ठेवून नुसता पुठ्ठा टेबलपंख्यासमोर धरला. पुठ्ठ्याची पंख्याकडची कड किंचित वर केली की तो वर उचलला जाऊ पाहतो. आणखी कलविला की अधिक उचलला जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे कलविला की उचलणे सरते आणि वारा त्याला नुसता मागे लोटतो. पंखाचेही तसेच. वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा कोन फार झाला की सुटते, फाटते, आणि पंख विमान तोलून धरीनासा होतो. साधारण पंखाला ही मर्यादा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास येते. वेग कमी झाला म्हणून स्टॉल होतो असे लोक म्हणतात. वस्तुतः वेग निमित्तमात्र असतो, गुन्हा कोनाचा. म्हणूनच साठ अंश कललेले विमान उंची न सोडता वळू लागले की पंखांवर दुप्पट भार येतो, आणि सरळ जाताना ज्या वेगावर धोका नव्हता, त्याच्या 1.41 पट वेगावरही तेच विमान तोल सोडते. आणि विमान खाली जाऊ लागले की माणसाचा हात उपजत बुद्धीने दांडा मागे ओढतो, म्हणजे कोन आणखी वाढवितो! शिकायचे ते हे, की त्या क्षणी दांडा पुढे द्यावा. जमीन समोर दिसत असतानाही.

हे सारे तिने मराठीत सांगितले. सांगताना ती दोनदा अडली, एकदा स्वतःच चुकून स्वतःच सुधारली, आणि शेवटी म्हणाली, “मामा, हे मला आत्ता कळलं.” आम्हांलाही आत्ताच कळले होते, परंतु परीक्षकाने तसे म्हणावयाचे नसते.

त्या रात्री आमची पद्धत ठरली. वहीतले उत्तर इंग्रजीत म्हणावयाचे, मग तेच आम्हांला मराठीत समजावून द्यावयाचे, आणि आम्हांला कळले असे आम्ही म्हणेपर्यंत पुढे जावयाचे नाही. आमचे अज्ञान खरेखुरे होते, त्यामुळे आमचा ‘का?’ही खरा होता. जाणत्या परीक्षकाला तो मुद्दाम विचारावा लागतो. आम्हांला तो आपोआप सुचे.

बंगळूरचा जुलै या अभ्यासाला फार अनुकूल निघाला. एका संध्याकाळी पारा वीस अंशांच्या जवळ, आभाळ भरलेले, आणि हिच्या वहीत प्रश्न आला तो कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होण्याचा. आम्ही म्हटले, हे हिमालयातल्या लोकांसाठी असेल. येथे बर्फ कोठून? ती म्हणाली, आजच्यासारख्याच दिवशी होतो. तिने माठाचे उदाहरण दिले. माठातले पाणी झिरपून वाळते म्हणून आतले पाणी गार होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाफ होऊन उडते, म्हणून तेथली हवा गार होते. त्यात भर म्हणजे हवेला एका अरुंद गळ्यातून जावे लागते, तेथे दाब उतरतो आणि तापमान आणखी उतरते. दोन्ही मिळून हवा वीस अंशांनीही थंड होऊ शकते. बाहेर वीस असेल तर आत शून्य. आणि हवा दमट असली की बर्फ धरतोच. इंजिन ओरडत नाही, थरथरत नाही. फेऱ्या तेवढ्या हळूहळू कमी होतात. उपाय म्हणजे गरम हवेची खुंटी ओढणे. आणि येथेच नवख्याची कसोटी लागते. खुंटी ओढताच फेऱ्या आणखी उतरतात. वितळलेले पाणी इंजिनात जाऊ लागले की ते खडखडते, आणि नवखा घाबरून खुंटी परत आत ढकलतो. औषध घेतल्यावर आधी ताप वाढावा, आणि रोग्याने औषधच टाकून द्यावे, असा हा प्रकार. “थांबायचं,” भाची म्हणाली, “खडखडत असलं तरी थांबायचं.” त्या एका वाक्यासाठी आमच्या मते तिची त्या दिवशीची सारी फी वसूल झाली होती.

डाळीचा उल्लेख मात्र करावयास हवा, कारण त्याचे श्रेय सौ.कडे जाते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फूट उंच आहे, हे आम्ही सारेच जाणतो. उन्हाळ्यात त्याची बढाईही मारतो. त्या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असतो, हे मात्र येथे येईपर्यंत आमच्या ध्यानी नव्हते. पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, आणि उघड्या पातेल्यातली डाळ रत्नागिरीपेक्षा उशिरा शिजते. सौ.चे माहेर रत्नागिरीचे. तिने ही तक्रार पहिल्याच महिन्यात केली होती आणि आम्ही ती डाळीच्या दुकानदारावर ढकलली होती. भाचीने आता तिला न्याय दिला. पातळ हवा डाळीला भोवते तशीच ती विमानालाही तिन्ही बाजूंनी भोवते: पंखाला धरायला हवा कमी, पंख्याला ढकलायला कमी, आणि इंजिनाला प्यायलाही कमी. त्यात दुपारचे ऊन असले तर ती आणखी पातळ होते. म्हणून त्याच विमानाला तेवढ्याच ओझ्यासह कोकण किनाऱ्यापेक्षा येथे अधिक लांब धावावे लागते. उंचीमापकाचेही शास्त्र असेच. ते यंत्र उंची मोजीतच नाही. ते दाब मोजते आणि उंची सांगते. जास्त दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात जाताना त्याची खुंटी फिरवून नवा दाब लावला नाही, तर ते खोटे बोलते, आणि खोटे बोलते ते जिवावर बेतणाऱ्या दिशेने: विमान प्रत्यक्षात खाली असते, काटा वरची उंची दाखवितो.

रेडिओवर बोलण्याच्या परीक्षेची तयारीही मधूनमधून चाले. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खाते घेत असे. 1934 सालचा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून अमलात आला. त्याने हे काम विमानचालनाच्या महासंचालनालयाकडे दिले. बाजारातल्या वह्यांत अजून जुनाच कायदा छापलेला होता. आम्ही लाल शाईने तेथे दुरुस्ती केली. आमच्या आयुष्यातील शिक्षणाचा विमानविद्येला तेवढाच हातभार. रेडिओवर आकडे एकेक सुटे म्हणावयाचे, आणि तेही विशिष्ट उच्चाराने: तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नवाला ‘नाइनर’. आमच्या मुलाने ते आठवडाभर पाढ्यांत वापरून शाळेतून चिठ्ठी आणली. परंतु यातले शहाणपण मराठी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांनी फोनवर आजवर किती मनिऑर्डरी चुकविल्या असतील!

ऑगस्ट उजाडेतो व्याख्या सुटल्या होत्या; परंतु एक दोष राहिला. ठाऊक नसलेल्या गोष्टीपुढे ती गप्प बसे, किंवा घाईने काहीतरी ठोकून देई. आम्ही तिला सरकारी खात्यांच्या विभागीय परीक्षांची हकीकत सांगितली. वाचकांपैकी अनेकांनी त्या दिल्या असतील. तेथे काही प्रश्नपत्रिका ‘पुस्तकांसह’ असतात. नियमावली उघडी ठेवून उत्तर लिहावयाचे. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटते. परंतु नियम कोठे आहे हे ठाऊक असणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ‘तपासून सादर करतो’ हे आमच्या जातीचे सर्वांत प्रतिष्ठित वाक्य आहे. “अमुक वजनाला धावपट्टी किती लागेल, आडवा वारा किती चालेल, हे आकडे विमानाच्या पुस्तकात असतात ना? मग तसं सांग. अमक्या प्रकरणात आहे, उड्डाणापूर्वी पाहीन, म्हणून सांग.”

तिने मान डोलविली, मग विचार करून म्हणाली, “पण मामा, सगळं तपासून सादर करता येत नाही.” विमान जमिनीवरून उठले आणि तीनशे फुटांवर इंजिन बंद पडले, तर पुस्तक उघडण्यास वेळ नसतो. मागे वळून धावपट्टीकडे परतण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाने अनेक माणसे मेली आहेत: वळताना उंची जाते, कोन वाढतो, आणि पुन्हा तो स्टॉल. नाक खाली, समोर जे काय आहे त्यात उतरावयाचे. हे हातात असावे लागते. मग आम्ही दोघांनी बसून तिच्या वहीचे दोन भाग केले. पाहून सांगण्याचे एका बाजूला, न पाहता करण्याचे दुसऱ्या बाजूला. दुसरा भाग जेमतेम दोन पानांचा झाला. आमच्या कचेरीच्या कामाचे असेच दोन भाग करून पाहिले तर दुसऱ्या भागात काही उरेल की नाही, याविषयी आम्हांला शंका आहे.

याच सुमारास कचेरीतील एका स्नेह्यांनी आमचा उद्योग ऐकून म्हटले, “अहो, तुम्ही आनेकल तालुक्यात राहता आणि विमानविद्या इंग्रजी पुस्तकांतून शिकता? आपल्याकडे सारे होते.” त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते; निदान आनेकलपुरते. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून जी पोथी प्रसिद्ध आहे ती सांगणारे पंडित सुब्बराय शास्त्री आनेकलचेच. 1918 ते 1923 या काळात ते श्लोक सांगत गेले आणि त्यांचे लेखनिक उतरवून घेत गेले. त्यातल्या यंत्रांची चित्रे 1923 साली बंगळुरात एका आरेखकाने काढली. आपल्या मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांचाही या शास्त्रीबुवांशी संबंध आला होता. तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडविले अशी कथा घरोघर सांगितली जाते. त्या काळचा भरवशाचा पुरावा मात्र तिच्यामागे नाही. पुढे 1974 साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी पोथी घेऊन तिची तपासणी केली. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू ही त्यांची नावे. वजन किती, ते तोलणारे बळ कोठून येते, पुढे ढकलते काय, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले, आणि वर्णिलेल्यांपैकी एकही विमान उडू शकणार नाही असा निष्कर्ष काढला. भाषाही वैदिक नसून अर्वाचीन संस्कृत आहे, असे त्यांना आढळले.

स्नेही थोडे खट्टू झाले. आम्हांला शास्त्रीबुवांची थट्टा करावीशी वाटत नाही. ते गरीब, एकनिष्ठ गृहस्थ असावेत. त्यांनी पुष्कळ उत्तरे सांगितली, ‘का?’ विचारणारा मनुष्य त्यांच्या पोथीला पन्नास वर्षे भेटला नाही, एवढेच.

भाचीने स्नेह्यांना दुसरे नाव सांगितले, आणि ते आम्हांलाही नवे होते. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी 1936 साली डॉक्टरेट मिळविली. पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर आणि त्याचे सुटणे यांचा विचार प्रांटल यांनीच 1904 साली मांडला होता. आमच्या फाइलीच्या पुठ्ठ्यावरून जी हवा सुटत होती, तिचा हा वंशवृक्ष. 1940 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे तेथे आले. त्यांच्या आराखड्यावरून झालेले एच. टी. 2 हे विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. लढाऊ नव्हे, प्रवासी नव्हे. शिकणाऱ्यासाठी दोन आसनांचे, एकात शिष्य आणि दुसऱ्यात गुरू. अशी दीडशेहून अधिक विमाने पुढे तयार झाली, आणि वायुदलाच्या कित्येक तरुणांनी त्यांवर पहिले धडे गिरविले. घरापासून दूर नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाने या शहरात काय केले, असे कोणी विचारले तर आम्ही आता शहाजीराजांपासून सुरुवात करीत नाही.

परीक्षा नवरात्राच्या आधी झाली. मुख्य प्रशिक्षकांनी तिला चाळीस मिनिटे बसविले. मनोऱ्यावरून स्थिर लाल दिवा दाखविला तर काय, असे त्यांनी विचारले. दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालीत राहावयाचे, हे तिने सांगितले. आणि लाल दिवा उघडमीट करीत असेल तर? विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नये. मग समोरासमोर दोन विमाने, उजवीकडून येणारे विमान, कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरपाशी त्यांनी ‘का?’ विचारले, आणि आमच्या माठाला इंग्रजी पोशाख चढवून ती बोलली. आडव्या वाऱ्याचा आकडा तिला आठवेना. पुस्तकात पाहीन, असे ती म्हणाली. त्यांनी पुस्तक मेजावरून पुढे सरकविले आणि घड्याळाकडे पाहिले. तिने पान काढले. तीनशे फुटांवरचे इंजिन हा प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच तिने उत्तर दिले होते. निकाल तेथल्या तेथे लागला. ताईला आम्ही फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बरं. दिवाळीला येतेच मी.”

ताई आली ती फराळाचे दोन डबे आणि एक प्रश्न घेऊन. प्रश्न तिने पहिला दिवस काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे आनेकलच्या बाजूला अजून शेते उरली आहेत: नाचणीचे पट्टे आणि मधूनमधून निलगिरीच्या रांगा. तिकडे पाहत ताईने विचारले, “वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर काय करतेस?”

आम्ही दोघेही सावरून बसलो. चार महिन्यांत आम्ही हा प्रश्न वीस वेळा विचारला असेल. या आवाजात तो कधी निघाला नव्हता.

“आई, विमान दगडासारखं पडत नाही,” भाची म्हणाली. “नाक जरा खाली धरायचं, वेग राखायचा, की ते तरंगत तरंगत उतरतं. वारा नसेल तर हजार फुटांवरून दीडेक समुद्री मैल जातं. म्हणजे पावणेतीन किलोमीटर. तेवढ्यात शेत निवडायचं.”

“कसलं शेत?”

“मोठं. सपाट. हिरवं.”

“हिरवं?” ताईने मान वळविली. “आपल्याकडं हिरवं म्हणजे ऊस. तुझ्या डोक्यावर जाईल एवढा. वरून गालिचा दिसत असेल. आणि तासगावकडं हिरव्या ओळी दिसल्या तर तो द्राक्षाचा मांडव. खाली खांब आणि तारा. तिथं उतरणार?”

भाची काही बोलली नाही.

“नांगरलेलं रान?”

“तासाच्या दिशेनं उतरायचं. आडवं नाही.” हे तिच्या पुस्तकात होते.

“ते बरोबर. पण काळं रान पावसानंतर वरून वाळलेलं दिसतं आणि आत पाऊल घोट्यापर्यंत जातं. तुझं चाक जाईल. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, ते मोकळं रान बघ. नाहीतर हरभरा; वीतभर असतो. आणि विहीर दिसली की तिथं मोटार असणार. मोटार म्हटली की विजेची तार. वरून तार दिसते?”

“नाही. खांब शोधायचे असतात.”

“मग विहिरी शोध. खांब झाडांत लपतो, विहीर लपत नाही.”

भाची खाली जाऊन वही घेऊन आली. दोन पानांचा जो दुसरा भाग होता, त्याच्या पुढचे कोरे पान तिने उघडले, आणि ताई सांगत गेली तसे महिन्यांप्रमाणे उतरवून घेतले: आषाढात काय, कार्तिकात काय, माघात कोणते रान कसे असते. आम्ही ताईच्या मूळ प्रस्तावावरील टिपणी पुढे सादर करण्याचे त्या रात्री मनातच रद्द केले. तिनेही ती मागितली नाही.

“ही समोरची नाचणी कशी असते, ते मात्र मला ठाऊक नाही,” शेवटी ती म्हणाली. “आमच्याकडं कोण लावतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरात दिसेना. आम्ही शोधत गेलो तो ती आणि भाची रस्त्यापलीकडच्या शेताच्या बांधावर उभ्या. शेतातली बाई आनेकलची कानडी बोलत होती, ताई मिरजेच्या बाजारात ऐकलेली कानडी बोलत होती, आणि दोघींचे एकमेकींना निम्मे कळत होते. ताईने नाचणीचे एक ताट धरून कमरेशी लावून उंची पाहिली. मग चप्पल काढली, बांधाखाली उतरली, आणि अनवाणी टाच जमिनीत दाबून ती किती आत जाते ते भाचीला दाखविले.